महापालिकेत दिव्यांग कक्षाचा पदभार आलाय. हात कुठून घालू?

नवी सहायक आयुक्त

नमस्कार मंडळी. मी मुख्याधिकारी संवर्गातली. आजवर नगरपरिषदांमध्ये काम केलं. पाणी, घनकचरा, करवसुली यातच वर्षं गेली. आता बदली होऊन एका ड वर्ग महापालिकेत सहायक आयुक्त म्हणून आले आहे आणि समाज विकास विभाग माझ्याकडे दिला आहे. त्यासोबत दिव्यांग कक्ष, फेरीवाल्यांचं काम आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालचं तक्रार निवारण अधिकारी हे पदही. आदेश एका पानाचा आहे. अधिकार काय, माणसं किती, यावर त्यात अक्षर नाही. हाताशी एक लिपिक, मानधनावरची एक समूह संघटिका (वस्त्यांमध्ये जाऊन काम करणारी) आणि एक शिपाई.

टेबलावर काय आहे ते सांगते. दिव्यांग निधीतून अर्थसाहाय्य मागणाऱ्या अर्जांचा गठ्ठा आहे. निधी बराचसा पडून आहे आणि लेखा विभाग म्हणतोय ३१ मार्चच्या आत खर्ची टाका. सफाई कामगार असलेल्या एका माणसाचा कामावर अपघातात पाय गेला, त्याला 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' ठरवून घरी बसवण्याची टिपणी फिरते आहे. आणि कुबड्यांवर चालणाऱ्या एका बाईंचा अर्ज आहे. प्रभाग कार्यालयात जन्म-मृत्यू दाखल्याची खिडकी पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. कारकून खाली येऊन अर्ज घेतो, पण पैसे भरायला आणि सही करायला त्यांना वरच जावं लागतं. त्या जिन्यावर बसून एकेक पायरी चढल्या. अर्जात शेवटी लिहिलंय, "मला मदत नको, खिडकी खाली आणा."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. मला हे पद नुसतं वाटपाचं करायचं नाही. ज्यांनी महापालिकेत हे काम प्रत्यक्ष केलंय किंवा नागरिक म्हणून भोगलंय त्यांनी सांगावं: पहिल्या काही महिन्यांत काय हातात घेऊ?

निवृत्त समाज विकास अधिकारी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी समूह संघटिका म्हणून लागले, वस्त्यांमध्ये बचत गट बांधले आणि समाज विकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पदाचं नीट समजून घ्या. कायद्याच्या कलम २३ खालचा तक्रार निवारण अधिकारी हा मुळात नोकरीतल्या भेदभावासाठी आहे, म्हणजे कलम २० मोडलं गेलं तर. नागरिकांच्या सगळ्या तक्रारी त्यात बसत नाहीत. बहुतेक ठिकाणी हा घोळ आहे, त्यामुळे नागरिकांचे अर्ज या नोंदवहीत अडकतात आणि कर्मचाऱ्यांचे अर्ज कुठेच नोंदले जात नाहीत. तुमचा सफाई कामगार मात्र थेट याच कलमात येतो. नोंदवहीत नोंद करा; नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. आणि कलम २० चं पोटकलम ४ टिपणीत शब्दशः उतरवा: सेवेत असताना अपंगत्व आलं तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. झेपेल असं समान वेतनश्रेणीचं दुसरं पद द्यायचं, तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. आस्थापना विभागाला हे कलम माहीत नसतं असं नाही, पण कुणी लेखी समोर ठेवल्याशिवाय ते हलत नाहीत. हे काम उद्याच करा. त्या घरात पगार थांबला की काय होतं हे मी पाहिलंय.

नागरिकांच्या तक्रारींसाठी आयुक्तांच्या सहीने वेगळा कार्यालयीन आदेश काढून घ्या.

आता मुख्य मुद्दा. तुमची खुर्ची समाज विकास विभागात असली तरी तुमचं काम स्थापत्य आणि नगररचना विभागात आहे. मी नोकरीचा पहिला बराच काळ वाटपात घालवला. तीनचाकी सायकली, कर्णयंत्रं, ३ डिसेंबरचा, जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम, हार, फोटो. ते घेऊन जाणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग होतो, याबद्दल मला शंका नाही. पण सायकल मिळालेला माणूस घराबाहेर पडतो आणि पहिल्याच फुटपाथशी थांबतो. तो फुटपाथ आपल्याच महापालिकेने त्याच वर्षी बांधलेला असतो.

म्हणून फाइलचा प्रवास पाहा. शाखा अभियंता अंदाजपत्रक करतो, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मग मोजमाप पुस्तक आणि बिल. रॅम्प बहुतेक वेळा अंदाजपत्रकातच मरतो. तिथे लिहिलेलं असतं 'रॅम्प, १ नग'. बस. उतार किती, रुंदी किती, कठडा कुठे, काही नाही. इमारतीचं जोतं ४५० मिलिमीटर उंच असतं, म्हणजे साधारण तीन पायऱ्या. बारास एक (बारा फुटांना एक फूट चढ) हा उतार धरला तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा, शिवाय वर आणि खाली सपाट जागा. पण दरवाजासमोर मोकळे असतात दोनच मीटर. ठेकेदार त्या दोन मीटरमध्ये रॅम्प बसवतो. साडेचार फुटांना एक फूट चढ! त्यावर चाकाची खुर्ची ढकलायला दोन माणसं लागतात आणि उतरताना ती पुढे कलंडते. नकाशा टेबलावर असतानाच जोतं खाली घ्या किंवा रॅम्प भिंतीच्या कडेने वळवा. एकदा काँक्रीट पडलं की अभियंता म्हणतो, 'पुढच्या वेळी बघू.'

माझ्या कार्यकाळात आयुक्तांनी एक परिपत्रक काढलं होतं. इमारत, रस्ता, उद्यान, स्वच्छतागृह अशा कामाची फाइल तांत्रिक मान्यतेआधी आमच्या कक्षाकडे अभिप्रायाला यायची आणि अंतिम बिलाआधी जागेवर चाचणी व्हायची. कनिष्ठ अभियंत्यासोबत दोघं जायचे, एक चाकाच्या खुर्चीवरचे आणि एक पांढरी काठी वापरणारे. एक आरोग्य केंद्र आठवतं. रॅम्प अगदी नियमाप्रमाणे, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे. आमचे सहकारी सरसर वर गेले आणि दारात अडकले. दाराला संगमरवरी उंबरा होता, जेमतेम दोन बोटं उंच. पुढची छोटी चाकं त्यावर चढेनात. नकाशात उंबरा नव्हता, तो गवंड्याने सवयीने बसवला होता. ठेकेदाराच्या माणसाने दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लावून तो उतरता केला, मग बिल पुढे गेलं. ही चूक कागदावर कधीच सापडली नसती.

आणि या चाचणी करणाऱ्यांना मानधन द्या, रिक्षाभाडं द्या. सल्लागार कंपनीला लाखांत पैसे देतो आणि ज्याच्या अंगावर तो अनुभव आहे त्याला चहा पाजून परत पाठवतो, हे मला कधी पटलं नाही. लेखापरीक्षणात हरकत नको म्हणून आधीच ठराव करून लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते) ठरवून घ्या.

निधीबद्दल. महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवायची असते, पूर्वी हे ३ टक्के होतं. मार्च आला की सगळ्यांची नजर या पैशावर जाते. स्थापत्यवाले येऊन म्हणतील, 'मॅडम, नव्या इमारतीतला रॅम्प आणि स्वच्छतागृह तुमच्या निधीतून दाखवू.' नाही म्हणा. नवी इमारत सुगम, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येईल अशी, नसेल तर कलम ४४ प्रमाणे तिला बांधकाम परवानगी मिळत नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही मिळत नाही. म्हणजे तो रॅम्प इमारतीच्याच खर्चाचा भाग आहे, पायऱ्यांइतकाच. तो दिव्यांग निधीतून केला तर त्या लोकांच्या हक्काची वस्तू त्यांच्याच पैशाने त्यांना विकल्यासारखं होतं. यावर मी वरिष्ठांशी वाद घातलेत आणि आजही घालेन.

शाखा अभियंता, १८ वर्षं रस्ते

मॅडम, आमची बाजूही ऐका. दोष सगळा आमच्यावर येतो म्हणून लिहितोय, भांडायला नाही.

पहिली गोष्ट, दरसूचीत (ठरलेल्या दरांच्या यादीत) जी बाब नाही ती अंदाजपत्रकात घ्यायची तर दर पृथक्करण, म्हणजे दराची फोड, करावं लागतं, दरपत्रकं मागवावी लागतात, मंजुरी लागते. मार्चच्या तोंडावर कोण करणार? त्यामुळे तुमच्या कक्षाने एकदाच बसून रॅम्प, कठडे, दृष्टिहीनांसाठीच्या स्पर्शफरशा, स्वच्छतागृहातले आधारदांडे यांचे नमुना नकाशे आणि दर मंजूर करून ठेवले तर आम्हाला नुसतं उचलून घालता येईल.

दुसरी गोष्ट, बोलार्ड, म्हणजे फुटपाथवरचे अडवे खांब. फुटपाथवर दुचाकी चढतात म्हणून लोकच आम्हाला खांब लावायला सांगतात. त्यांच्यात ९०० मिलिमीटर सोडले की चाकाची खुर्ची जाते हे मान्य. पण त्यातून स्कूटरही जाते. मग त्याच लोकांच्या तक्रारी. सांगा काय करायचं?

तिसरी, जुन्या गावठाणात रस्ताच सहा मीटरचा. तिथे १.८ मीटरचा मोकळा फुटपाथ दोन्हीकडे कुठून आणू?

निवृत्त समाज विकास अधिकारी

नमुना नकाशे आणि मंजूर दर, ही तुमची सूचना सोन्यासारखी आहे. मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी ती पहिल्या महिन्यातच करावी.

बोलार्डचं मात्र मला मान्य नाही. स्कूटर अडवण्यासाठी खुर्ची अडवायची हा मार्ग कायद्यात बसत नाही. मुंबईत असे खांब दाटीने लावले होते, तेव्हा २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेला उत्तर द्यावं लागलं. फुटपाथवर दुचाकी चढवणारा हा गुन्हा करतो, त्याला वाहतूक पोलिसांनी दंड करायचा. त्याची शिक्षा चाकाच्या खुर्चीवरच्याला का?

गावठाणाचं खरं आहे. सहा मीटरच्या रस्त्यावर फुटपाथचा हट्ट धरू नका. तिथे रस्ताच एका पातळीत ठेवा, गाड्यांचा वेग कमी करा, गटाराची झाकणं रस्त्याच्या सपाटीला आणा. उंच-सखल फुटपाथचे तुकडे करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पांढरी काठी

मी जन्मतः दृष्टिहीन आहे, वकिली करतो. दोन-तीन गोष्टी भर घालतो.

फुटपाथवरच्या पिवळ्या फरशा. लांबट रेषांची फरशी म्हणजे 'चालत राहा', गोल ठिपक्यांची म्हणजे 'थांब, पुढे वळण किंवा धोका आहे'. माझ्या घराजवळच्या रस्त्यावर अख्ख्या फुटपाथभर ठिपकेच आहेत. म्हणजे प्रत्येक पावलाला मला 'थांब' असं सांगितलं जातं. पुढे तीच पट्टी सरळ विजेच्या डीपीच्या पेटीवर जाऊन संपते. काठी पेटीला लागते ते ठीक, पण पेटीचं उघडं झाकण कमरेच्या उंचीवर बाहेर आलेलं असतं आणि काठीला ते कळत नाही. कपाळाला किंवा बरगडीला कळतं. फरशा बसवणाऱ्या मजुरांना अर्धा तास कुणी समजावलं असतं तर एवढ्याच पैशात काम बरोबर झालं असतं.

संकेतस्थळ विसरू नका. मालमत्ता कराचं बिल स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात येतं, माझं स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. पैसे भरताना चित्रातली अक्षरं ओळखायला सांगतात, आवाजाचा पर्याय नसतो. कर भरायला मला शेजाऱ्याला ओटीपी द्यावा लागतो. कलम ४२ माहिती तंत्रज्ञानाबद्दलच आहे. पुढच्या देखभाल करारात ही अट टाका, वेगळा पैसा फारसा लागणार नाही.

कायद्याचं बळ हवं असेल तर राजीव रतुरी प्रकरण वाचा. ते स्वतः दृष्टिहीन, याचिका २००५ ची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर निर्देश दिले, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं की सुगमतेची मानकं नुसती शिफारशीवजा ठेवणारा २०१७ च्या नियमावलीतला नियम १५ कायद्याशी विसंगत आहे. केंद्राला बंधनकारक किमान मानकं तीन महिन्यांत ठरवायला सांगितलं. त्यामुळे 'हे फक्त मार्गदर्शक आहे, सक्ती नाही' असं कुणी म्हणालं तर हा निकाल फाइलला जोडा. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी कलम ४५ मध्ये नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे. म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली, तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीसकट.

हातगाडीवाल्यांसोबत

ताई, तुमच्याकडे फेरीवाल्यांचं काम पण आहे म्हणून लिहिते. मी पथविक्रेत्या बायकांसोबत काम करते.

तुम्ही फुटपाथ मोकळे करायला निघालात की अतिक्रमण विभाग तुमचं नाव पुढे करील. 'दिव्यांगांना चालायला जागा हवी' असं म्हणून गाड्या उचलतील. आमच्या शहरात असंच झालं. पहाटे आले आणि भाजीच्या टोपल्या, वजनकाटे, सगळं ट्रकमध्ये. त्यात पोलिओ झालेल्या एका बाईची टपरीही गेली. ती टपरी तिला दिव्यांग म्हणूनच मिळालेली. फुटपाथ मोकळा झाला आणि आठवड्याभरात तिथे चारचाकी उभ्या राहिल्या.

२०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रं होईपर्यंत उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. या समितीच्या बैठकीत दिव्यांग संघटनेचे लोक बोलवा. समोरासमोर बसल्यावर जागा निघते. एका चौकात आम्ही खडूने रेघ मारली, भिंतीकडची बाजू गाड्यांना आणि मधली वाट चालणाऱ्यांना. विक्रेत्या स्वतःच ती रेघ पाळतात, कारण ओलांडली तर गाडी जाईल हे त्यांना ठाऊक आहे.

आणि स्वच्छतागृह! बाजारातल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या स्त्रियांच्या मासिकाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल आदेश दिलेत. जिथे दिव्यांगांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे तिथे कुलूप असतं आणि आत झाडू-बादल्या. किल्ली कुणाकडे, हे दारावर लिहायला लावा. खरं तर कुलूपच नको.

नवी सहायक आयुक्त

सगळ्यांचे मनापासून आभार. कलम २३ बद्दलचा माझा समज चुकीचा होता, ते बरं झालं कळलं. सफाई कामगाराची टिपणी आजच आस्थापनाकडून परत मागवली, कलम २० (४) जोडून आयुक्तांकडे पाठवते आहे.

दोन अडचणी विचारते. एक, परिपत्रकात नेमकं काय लिहावं? आमचे आयुक्त सकारात्मक आहेत, पण शहर अभियंता म्हणतील की आणखी एका विभागाचा अभिप्राय म्हणजे कामं रखडणार. दुसरी, ती खिडकी. प्रभाग अधिकारी म्हणतात लिफ्टचा प्रस्ताव करू. तो कधी होईल देव जाणे.

निवृत्त समाज विकास अधिकारी

रखडण्याच्या मुद्द्यावर मुदत घाला, म्हणजे त्यांचं तोंड बंद होतं आणि तुमच्यावरही जबाबदारी येते. मजकूर साधारण असा ठेवा: 'महापालिकेच्या कोणत्याही नवीन बांधकाम, पुनर्बांधणी, रस्ता, पदपथ, उद्यान व स्वच्छतागृहाच्या कामाचे अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेपूर्वी दिव्यांग कक्षाकडे अभिप्रायार्थ सादर करावे. कक्षाने सात कार्यालयीन दिवसांत अभिप्राय द्यावा, न दिल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल. अंतिम देयकासोबत दिव्यांग वापरकर्त्यांनी केलेल्या प्रत्यक्ष चाचणीचा अहवाल जोडलेला नसल्यास लेखा विभागाने देयक स्वीकारू नये.' शेवटचं वाक्य कुणी काढू म्हणालं तर काढू देऊ नका. बाकीचं परिपत्रक त्याच वाक्यावर उभं आहे, कारण बिल अडल्याशिवाय ठेकेदार उंबरा कापायला माणूस पाठवत नाही. सात दिवस पाळायचे तर समूह संघटिकेला नकाशा वाचायला शिकवा. वरचे शाखा अभियंता साहेब दोन दुपारी देतील, विचारून पाहा.

खासगी इमारतींसाठी नगररचनेला वेगळं पत्र द्या. भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्याच्या) तपासणी सूचीत रॅम्पचा उतार प्रत्यक्ष मोजून लिहायचा रकाना असू द्या, 'आहे / नाही' असा नको.

खिडकीसाठी लिफ्टची वाट पाहू नका. लिफ्टचा प्रस्ताव चालू द्या, पण तळमजल्यावर काय काय आहे ते स्वतः जाऊन बघा. बहुतेक प्रभाग कार्यालयांत खाली प्रभाग अधिकाऱ्यांची केबिन किंवा बैठकीची खोली असते. ती वर जाऊ शकते. जन्म-मृत्यू, कर भरणा आणि दाखल्यांची टेबलं खाली येऊ शकतात. त्याला निविदा लागत नाही, फक्त आदेश, इंटरनेटची वायर आणि दोन बिगारी लागतात. खिडकीचा एक भाग बसलेल्या माणसाच्या उंचीला ठेवा, ७५० मिलिमीटरच्या आसपास, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा सोडून. आणि टेबल हलवायच्या आधी अर्ज करणाऱ्या त्या बाईंना फोन करून बोलवा. कुठे ठेवायचं ते त्यांना विचारा.

शाखा अभियंता, १८ वर्षं रस्ते

दोन दुपारी दिल्या. मॅडम, संपर्क करा. येताना तुमच्याकडचं एखादं चालू अंदाजपत्रक घेऊन या, त्यावरच शिकवतो.